महत्त्वाकांक्षा किती मीटर?

...आणि वर मलाच विचारतात, 'मॅम, तुमची महत्त्वाकांक्षा किती?' किती म्हणजे? कापड आहे का ते? द्या दोन मीटर... नको, सव्वादोन द्या, धुतल्यावर आटेल! अहो, सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, गुडघा कुरकुरतोय, चष्म्याचा नंबर वाढलाय, नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झालेत, आणि ती एचआरची पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची, समोर कागद धरून गोड हसतेय. कागदावर एक ते दहा आकडे आणि म्हणे त्यातल्या एकाला गोल करा. महत्त्वाकांक्षेला गोल! मला तिथल्या तिथे ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, मला काही व्हायचंच नव्हतं! मला फक्त साडेपाचला घरी जायचं होतं!

थांबा, मधूनच सुरू केलं मी. राग आला की माझं असंच होतं, बाही आधी जोडते आणि मग पाठ शोधत बसते. पहिल्यापासून सांगते.

सतरा वर्षं माझं स्वतःचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली, दोन मशिनं, एक लांब टेबल, भिंतीला आरसा, आणि आरशासमोर पोट आत ओढून उभी राहिलेली माणसं. कोट, पँटी, शर्ट, गणवेश, म्हणाल ते. मालकीण मी, कटिंग मी, शिलाई मी, इस्त्री मी, झाडू मी, आणि 'अहो, आमची कारागीर बाई आज आली नाही' असं गिऱ्हाईकाला खोटं सांगणारीही मीच, कारण कारागीर बाई पण मीच! लोक म्हणायचे, 'तुमचं बरंय, तुम्हाला कुणी साहेब नाही.' साहेब नाही? जो पायरी चढून आत येईल तो साहेब! सकाळपासून पंचवीस साहेब! माझे सासरे गेले तेव्हाची गोष्ट. घरात माणसं बसलेली, मी कोपऱ्यात डोळे पुसतेय, आणि एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन बसले, मान खाली घालून, दोन मिनिटं गप्प. मला वाटलं, काय हळवा माणूस आहे! मग हळूच कानाशी आले, 'फार वाईट झालं हो... कोटाचं अस्तर लागलं का?'

सतरा वर्षांत एक सुट्टी नाही. शेवटी माझ्या पाठीतल्या मणक्यांनीच सुट्टी घेतली. चकती सरकली, तीन आठवडे दवाखान्यात आडवी. तिथेही फोन! एक बाई म्हणाल्या, 'झोपूनच आहात ना, मग हातशिलाईची काजं तरी करून टाकता का?' डॉक्टर म्हणाले, 'कंबर ठेवायची की दुकान, काय ते एकदा ठरवा.' मी कंबर ठेवली. मशिनं विकली, आरसा घरी आणला, कुलूप लावलं, आणि गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत नोकरी धरली. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, सगळ्यांचे गणवेश. मी चौथ्या मजल्यावर नमुना विभागात. नमुना म्हणजे तो कागद, ज्याच्यावरून कापड कापतात. कागदावर रेघ चुकली की हजारो अंगांवर चुकते, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जायच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी मला समोर बसवलं. हे म्हणजे नवरा. बावीस वर्षं एका वाचनालयात, एकाच खुर्चीत. खुर्ची दोनदा बदलली, हे नाही बदलले. म्हणाले, 'हे बघ, नोकरी म्हणजे दुकान नव्हे. पहिला नियम, "मी करते" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मीटिंगमध्ये भिंतीकडची खुर्ची धरायची. कुणी काही विचारलं की आधी वहीत बघायचं. आणि चेहरा मध्यम ठेवायचा.' म्हटलं, 'अहो, मध्यम म्हणजे कसा?' 'म्हणजे ऐकतेय असं वाटलं पाहिजे, पण समजलंय असं वाटता कामा नये.' आणि करून दाखवला! काय तो चेहरा! बावीस वर्षांची साधना हो, एका दिवसात कशी यायची मला?

आणि दुसरीकडे आमची कन्या. मॅनेजमेंट शिकतेय, त्यामुळे घरात कुणी साधं जेवत नाही, सगळे 'संधी' घेत असतात. 'आई, बाबांचं ऐकू नकोस! तुझ्यात एक लीडर आहे!' मी म्हटलं, 'असेल बाई. त्याला झोपू दे. सतरा वर्षं जागा आहे तो.'

खरंच सांगते, मला काही व्हायचंच नव्हतं! पहिले काही दिवस तर मी स्वर्गातच होते. ट्यूबलाइट फडफडायला लागली, मी सवयीने खुर्चीवर चढले, तर चारजण धावत आले, 'मॅडम उतरा, उतरा! त्याची तक्रार नोंदवायची असते, मग माणूस येतो!' माणूस येतो! आणि तो खरंच आला, नवव्या दिवशी, पण आला ना! माझं काम मी दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची, तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ दात न उघडता म्हणाले, 'हळू... हळू... पुरवून वापरा.' मी हळू झाले. साडेपाचला पर्स उचलली की मागे वळून बघायचं नाही. संध्याकाळ म्हणजे काय असते हे सतरा वर्षांनी कळलं मला, बाल्कनीत उभी राहून नुसती रस्त्यावरची माणसं बघायची, आणि त्यातल्या एकाच्याही पँटची लांबी मनात मोजायची नाही!

आणि मग आला तो कागद.

मी ह्यांच्या सल्ल्याने गोल केला, दोनला. त्या पोरीचा चेहरा पडला. 'मॅम... दोन म्हणजे जरा काळजीचं आहे. दोनवाल्यांसाठी आमचं प्रेरणा शिबिर असतं. शनिवार-रविवार.' शनिवार-रविवार म्हटल्यावर मी खोडरबर मागितलं! नऊ केले. तिनं आवाज आणखी खाली आणला, 'मॅम, नऊ म्हणजे... तुमच्या साहेबांना थोडं असुरक्षित वाटेल.' 'मग किती करू?' 'मनापासून करा ना.' 'मनापासून दोनच आहे.' 'मग सहा करा, सगळे सहाच करतात.' बघा! आख्ख्या इमारतीची महत्त्वाकांक्षा एका मापाची! दुकानात असं एका मापाचं शिवलं असतं तर लोकांनी मला उभी फाडली असती. मी हट्टानं लिहिलं, साडेपाच. तिनं ते कॉम्प्युटरमध्ये भरलं, तर त्याला चालेना, त्यानं आपोआप सहा केलं. म्हणजे बघा, मला वर चढवलं ते त्या यंत्रानं, मी नाही!

ज्यांना असुरक्षित वाटणार होतं ते आमचे साहेब. त्यांना मी मनात स्लाइडसाहेब म्हणायचे. माणूस तसा वाईट नाही, पण पडद्यावर दाखवल्याशिवाय त्यांना काही सांगताच यायचं नाही. हातात कात्री मी कधी पाहिली नाही, सदानकदा ते लाल ठिपका पाडायचं यंत्र. आणि एके दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी दाखवलं, एका मोठ्या दवाखान्याचे तीन हजार दोनशे डगले, नर्सेस आणि वॉर्डातले मदतनीस घालतात ते, आणि नव्या सॉफ्टवेअरनं नमुना असा बसवलाय, असा बसवलाय, की कापडाची चार टक्के बचत! टाळ्या! मी भिंतीकडच्या खुर्चीवर, चेहरा मध्यम. पण डोळ्यांचं काय करणार? डोळे सतरा वर्षं माणसांना मोजत आलेले. मला त्या पडद्यावर लांबूनच दिसलं, पाठीत अर्धा इंच कमी, बाहीच्या घेरात पाऊण इंच कमी. अहो, दवाखान्यातली माणसं ती! पेशंट उचलतात, सलाइन टांगतात, वरच्या खणातून औषधं काढतात! ह्या डगल्यात हात वर जाणारच नाही, आणि नेला तर बगल जाईल!

मीटिंग संपल्यावर गेले त्यांच्याकडे. म्हटलं, 'साहेब, हात वर होणार नाही.' ते म्हणाले, 'इंटरेस्टिंग.' आता तुम्हाला सांगते, ऑफिसात 'इंटरेस्टिंग' म्हणजे 'गप्प बसा'. मी म्हटलं, 'कुणाला घालून बघितलंय का?' म्हणाले, 'अर्थात! पुतळ्यावर घालून बघितलंय.' पुतळ्यावर! तो शिंप्याचा पुतळा! त्याला हातच नसतात हो! मी तसं म्हटलं, तर घड्याळ बघत म्हणाले, 'हा मुद्दा आपण पार्किंगमध्ये ठेवू.' मला क्षणभर वाटलं डगलेच पार्किंगमध्ये ठेवणार, नंतर कळलं, पार्किंग म्हणजे 'पुन्हा कधीतरी'. आणि मग, जाता जाता, खांद्यावरून मागे वळून, अगदी प्रेमानं, 'ताई, दुकानातला अंदाज इथे चालत नाही. इथे डेटा लागतो.'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! दुकानातला अंदाज? मी दारातून आत येणारा माणूस बघून सांगायची, कंबर छत्तीस, डावा खांदा अर्धा इंच खाली, आणि हा जेवून आलाय! तोंड उघडलं मी. म्हटलं आता बोलतेच. वरच्या मजल्यावर मोठ्या मॅडम बसतात, कंपनी त्यांची, जाते थेट आणि सांगते... आणि समोर घड्याळ. पाच पंचवीस. आणि मनात हे, मध्यम चेहऱ्यानं, 'कशाला? सांगितलंस ना एकदा? ऐकणं त्यांचं काम.' आणि मी... मी पर्स उचलली.

घरी जाऊन सांगितलं तर ह्यांना कोण आनंद! 'व्वा! आज तू खरी नोकरदार झालीस!' आणि मला घास गिळवेना. का गिळवेना? मला काही व्हायचंच नव्हतं ना? मग झालं की माझ्या मनासारखं!

आणखी एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, टाळत होते. चार दिवसांनी कापलेलं कापड खाली शिलाईच्या हॉलमध्ये गेलं. तिथे एक बाई आहेत, सव्वीस वर्षं मशिनवर, सगळ्या त्यांना सरळताई म्हणतात, कारण त्यांची टीप. टीप म्हणजे शिवण हो, ती धावती शिलाई. पट्टी ठेवून रेघ मारली तरी इतकी सरळ यायची नाही. तर ह्या सरळताई एक बाही हातात घेऊन चार जिने चढून माझ्या टेबलापाशी आल्या. 'मॅडम, ही बाही अरुंद आहे. वर सांगा.' 'सांगितलंय, ताई.' 'मग पुन्हा सांगा.' आणि मी म्हटलं... ऐका हं... मी म्हटलं, 'बघते.' महिन्याभरात मी ऑफिसातला सगळ्यात घाणेरडा शब्द शिकले होते! त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बाहीची घडी घातली, आणि चार जिने उतरून गेल्या.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. डगले दवाखान्यात गेले, आणि दहा दिवसांत तक्रारींचा ढीग. बगलेत फाटतंय! एका नर्सनं पेशंटला उठवून बसवलं, फर्र! एकानं खिडकी लावली, फर्र! दवाखान्यानं सगळाच माल परत पाठवला. तातडीची मीटिंग. ह्या वेळी मोठ्या मॅडम स्वतः. मॅडम बोलतात कमी आणि बघतात फार, अशा. दाराशी सरळताईंना उभं केलेलं, बसायलाही सांगितलं नव्हतं कुणी. आणि स्लाइडसाहेबांनी पडद्यावर दाखवलं, मोठ्या अक्षरात, 'मूळ कारण: मानवी चूक.' मानवी! आणि ह्यांची स्वतःची काय, दैवी? खाली एक अंधूक फोटो, फाटलेल्या बगलेचा. म्हणे टीप कच्ची आहे, शिलाईच्या हॉलमध्ये शिस्त नाही, आणि त्या लाइनची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना मशिनवरून काढून पॅकिंगला पाठवावं. सरळताईंना! खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला! सव्वीस वर्षांनी! आणि त्या बाईनं 'नाही' सुद्धा म्हटलं नाही हो. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या. बाकी सगळी खोली पडद्याकडे, आणि त्या माझ्याकडे.

आता मला सांगा, चेहरा मध्यम कसा ठेवायचा? मी उठले. वही पडली, पेन पडलं, शेजारच्या गृहस्थांनी पदर... म्हणजे ओढणी धरून ओढली, 'हळू, हळू', मी ओढणी सोडवली आणि म्हटलं, 'मॅडम, हा डगला ह्या खोलीत कुणी हातात घेऊन बघितलाय का? फोटो नाही, डगला!' टेबलावर परत आलेल्या मालातला एक न वापरलेला गठ्ठा होता. त्यातला सगळ्यात मोठ्या मापाचा काढला. 'कुणीतरी घालून बघा.' मोठ्या मॅडम म्हणाल्या, 'बरोबर आहे. साहेब, तुमच्या मापाचा दिसतोय.' स्लाइडसाहेब हसले, सगळ्यांकडे बघितलं, कुणी हसेना, मग घातला. बटणं लावली. उभे राहिले हात खाली सोडून, अगदी त्या पुतळ्यासारखे! आणि खरं सांगते, छान दिसत होता! म्हणाले, 'बघा, परफेक्ट फिट.' मी म्हटलं, 'हो साहेब. आता जरा पडद्यावरचा सगळ्यात वरचा मुद्दा आम्हाला बोटानं दाखवा.'

त्यांनी हात वर केला. फर्र!

अहो, असा आवाज! ऐन शांततेत! काखेपासून पार बरगडीपर्यंत! आणि घाबरून दुसरा हात वर केला, फर्र! दोन्ही बगला! खोलीत सगळ्यांनी हसू दाबलं, एकटे शेजारचे गृहस्थ तेवढे खोकण्याच्या निमित्तानं बाहेर पळाले. पण मी हसत नव्हते. मी तो डगला त्यांच्या अंगावरच धरला आणि म्हटलं, 'मॅडम, इकडे बघा. ही टीप. जशीच्या तशी आहे, एक टाका सुटलेला नाही. टिपेशेजारचं कापड फाटलंय. टीप सुटली असती तर चूक खालच्या हॉलची होती. कापड फाटलं म्हणजे माप कमी, म्हणजे नमुना चुकला, म्हणजे चूक चौथ्या मजल्याची.' आणि मग, कशी कोण जाणे, तोंडातून पुढचंही गेलं, 'आणि माझी. मला पहिल्याच मीटिंगमध्ये पडद्यावर दिसलं होतं. मी एकदा सांगितलं आणि घरी गेले.'

झालं. मॅडम म्हणाल्या, 'ताई त्यांच्या मशिनवरच राहतील.' मीटिंग संपली. मला वाटलं, सुटले! तर कसली सुटतेय! दुसऱ्या दिवसापासून जो तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावतोय. कँटीनमध्ये एकजण, 'काय मॅडम, बरोबर वेळ साधलीत!' लिफ्टमध्ये दुसरी, 'मुरलेल्या आहात हं, वाटत नाही!' एचआरची पोरगी धावत आली, 'मॅम, मी म्हणत होते ना, तुम्ही आतून नऊच आहात!' अहो, काय नऊ? मला काही व्हायचंच नव्हतं! एका बाईवरचा आळ काढला तर त्यालाही महत्त्वाकांक्षा म्हणायची? मग गप्प बसलेल्याला काय म्हणायचं, संत?

आणि स्लाइडसाहेबांना शिक्षा काय झाली, विचारा ना! सहाव्या मजल्यावर पाठवलं, 'धोरण' नावाच्या विभागात, मोठी केबिन, खिडकीतून झाडं दिसतात! दोन्ही बगला फाटलेल्या आणि माणूस दोन मजले वर! माझ्या डोक्याचा असा भुगा झाला, की मी जिना चढून जाऊन ती झाडं बघून आले. खरंच दिसतात.

मग ते तीन हजार दोनशे डगले दुरुस्त करायचे आले. बगलेत चौकोनी तुकडा घालायचा, चौबगला म्हणतात त्याला, म्हणजे हात मोकळा होतो. डगल्याला दोन, म्हणजे सहा हजार चारशे! मी खाली गेले आणि सरळताईंच्या शेजारच्या मशिनवर बसले. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, कंबरेला पट्टा बांधून बसले. मला वाटत होतं, ह्या आता काहीतरी चांगलं बोलतील. आभार नकोत, पण निदान 'चहा घेता का' एवढं तरी. बाई दोन तास टीप मारत राहिल्या. मग मशीन न थांबवता म्हणाल्या, 'तेव्हाच बोलला असतात तर हे उसवायला लागलं नसतं.'

मी म्हटलं, 'बोलले होते, ताई.'

'एकदा बोललात. तुमचं दुकान असतं, तर एकदाच बोलून घरी गेला असतात?'

माझ्या मशिनची सुई मोडली. नाही, खरंच मोडली, बोटाखालीच. मी नवी घालत बसले, मुद्दाम वेळ लावत. राग आला मला त्यांचा. प्रचंड आला. चिडून चिडून मी त्या दिवशी एकशे दहा चौबगले घातले, आणि शंभराव्याला कुठेतरी लक्षात आलं, की हा राग त्यांचा नाही.

त्याच आठवड्यात मोठ्या मॅडमनी बोलावलं. 'विभागाची खुर्ची रिकामी आहे. तुम्ही घ्या.' बघा! मी काय ते ठरवायला दोन दिवस मागितले. घरी सांगितलं. कन्येनं मला उचलायचाच प्रयत्न केला, डॉक्टरांचं नाव सांगून थांबवावं लागलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं आता हे नियम सांगतील. तर हे टेबलक्लॉथची सुरकुती बोटानं सारखी करत बसले. मग म्हणाले, 'बावीस वर्षांत मला कुणी विचारलंच नाही गं.' आणि उठून पाणी प्यायला गेले. मला इतकी वर्षं वाटायचं, ह्या माणसाला काही नकोच आहे. त्या मध्यम चेहऱ्यामागे काय होतं, कुणी बघायला गेलं होतं? मी तरी कुठे गेले होते?

मी मागून गेले आणि म्हटलं, 'अहो, तुम्हाला काय व्हायचं होतं?' तर ग्लास विसळत म्हणाले, 'काही मोठं नाही. पुस्तकं विषयवार लावायची होती. बावीस वर्षं चुकीची लावलेली आहेत. मी एकदा सांगितलं होतं.'

एकदा! बघा! आमच्या घरात सगळे एकदाच सांगणारे!

मग मात्र मी ठरवलं. मॅडमकडे गेले आणि म्हटलं, 'मला खुर्ची नको. केबिन नको. एवढंच द्या, की माझी सही असल्याशिवाय खाली कापड कापायचं नाही.' मॅडम पहिल्यांदा हसल्या. 'अहो, ती सही म्हणजेच ती खुर्ची. सही सुटी मिळत नाही.' मी म्हटलं, 'मग बांधून द्या दोन्ही.' आणि तुम्हाला सांगते, तेव्हाही, शप्पथ, मला काही व्हायचंच नव्हतं! मला फक्त बाही पाऊण इंच मोठी हवी होती! आता पाऊण इंचाची बाही मिळवायला आख्खी खुर्ची अंगावर घ्यावी लागते, ह्याला मी काय करू?

तर झाले. विभागप्रमुख. पहिल्याच महिन्यात मी तीन नमुने अडवले. पुतळा तळघरात पाठवला आणि नियम केला, नमुना जो काढील त्यानं स्वतः घालून खिडकीची वरची कडी लावून दाखवायची. विभागात असा संताप! कुजबुज चालते, 'नवीन बाई फार कडक आहे', 'आधीचे साहेब काय शांत होते'. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना कडी लावताना दोनदा स्टुलावरून पडल्यासारखं झालं. सरळताई मात्र आता चार जिने चढून वर येतात. अजूनही आभार वगैरे नाहीत, बाही टेबलावर ठेवतात, बोट ठेवून चूक दाखवतात, मी 'बघते' म्हणत नाही, लगेच बघते, आणि त्या जातात. कधीकधी मी बरोबर असते, तेव्हाही काही बोलत नाहीत. पण तेव्हा जिना जरा हळू उतरतात, मी ऐकत असते.

आणि घरी? साडेसात होतात घरी जायला. कधी आठ. कुणी थांबवलेलं नसतं हो, तोच तर संताप आहे! दुकानात होते तेव्हा गिऱ्हाईकावर चिडायची सोय होती. नोकरीला लागले तेव्हा साहेबावर चिडायची सोय झाली, काय सुख होतं ते, दिवसभर मनातल्या मनात शिव्या! आता एवढी चीड येते, एवढी येते, की वाटतं कुणालातरी उभं धरून विचारावं, हे असं कसं चालतं इथे, ह्या विभागाला कुणी वाली आहे की नाही? तर वाली मीच! शिव्या घालायला दुसरं कुणी उरलंच नाही, म्हणून आता मी स्वतःलाच घालते. पण एक आहे, दार लावून, खुर्चीवर टेकून, कंपनीच्या वेळेत घालते. पदाबरोबर तेवढी एकच सवलत मिळालीय, ती तरी कशाला सोडू?